लाजरचा तास

आमच्या मावशीला भेटायला जायचं तर आधी एक गोष्ट ठरवावी लागायची, बाराच्या आत जायचं की बारानंतर. कारण बाराच्या आत घरात मार्था असायची आणि बारानंतर मरीया, आणि दोघी म्हणजे मावशीच.

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगते.

धुळ्याच्या मिशन कंपाउंडात, चर्चच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, आणि दारात एक कडुलिंब. मावशी तिथं राहायची. जन्मभर बायबलबाई म्हणून गल्लोगल्ली बायकांना येशूच्या गोष्टी सांगत फिरली, उन्हानं काळी ठिक्कर पडली, दात पुढचे दोनच राहिले, पण हसायची अशी की दोन दातांत बत्तीस दिसावेत. मी बोर्डिंगात वाढलेली, आईबाप नाहीत. शिकून तिथल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि मावशीकडे राहायला आले. नात्यानं ती माझी कोणी लागत नव्हती. सगळ्या कंपाउंडाची मावशी होती, माझी जरा जास्त.

आता त्या दोघी बहिणींचं. शुभवर्तमानात गोष्ट आहे ना, येशू बेथानीला एका घरी गेला, तिथं मार्था नावाची बहीण सैपाकात राबत होती आणि मरीया नावाची बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. मार्था कुरकुरली, तर येशू तिलाच म्हणाला की मरीयेनं चांगला वाटा निवडलाय. पाळकसाहेबांनी एका रविवारी यावर लांबलचक उपदेश केला. चर्च सुटल्यावर मावशीनं त्यांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, त्या दिवशी जेवण झालं का मग?"

"कोणत्या दिवशी?"

"येशू बेथानीला गेला त्या दिवशी. मरीया तर बसली. मार्थालाही बोलणी बसली. मग पाहुणे उपाशीच गेले काय?"

पाळकसाहेब म्हणाले, हे बघा मावशी, तो मुद्दाच नाही. मावशी म्हणाली, ज्याच्या घरात सैपाकीण आहे त्याला हा मुद्दा नसतो.

मावशीनं दोन्ही करून पाहिलं होतं. लग्न झाल्यावर आधी काही वर्षं ती नुसती मार्था होती. पहाटे जातं, मग पाणी, मग गल्ल्या, मग चूल, आणि प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथंच डोळा लागायचा. मग एका वर्षी तिनं ठरवलं की आता आपण मरीया. दिवसभर प्रार्थना सुरू. नवरा बिचारा शेजारी जाऊन फुटाणे खायचा. शेवटी तो म्हणाला, "तुझा देव मला आवडतो, पण मला भूक लागते." त्यावर मावशीनं दोघी बहिणींची वाटणी करून टाकली. शाळेची बाराची घंटा होईपर्यंत मार्था, घंटा झाली की मरीया. नवरा पुढे वारला तरी वाटणी तशीच राहिली.

आणि वाटणी म्हणजे वाटणी. सकाळी पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा सुरू, हाताला उसंत नाही. "ऊठ, केर काढ, हे काय, कोपरा कोणी झाडायचा, गब्रिएल देवदूतानं?" आणि बाराची घंटा झाली की ती पदर सोडायची, हात धुवायची, चटई टाकून बसायची आणि एकदम आवाजच बदलायचा, गोड, हळू, साजूक तुपासारखा. एकदा घंटा झाली तेव्हा दूध चुलीवर होतं. मी शाळेतून येते तर मावशी चटईवर बसून उतू जाणाऱ्या दुधाकडे शांतपणे बघतेय.

"मावशी, दूध!"

"ते मार्थाचं शे," ती म्हणाली. इतकी वर्षं मिशनमध्ये राहून मावशी आमच्यासारखं बोलायची, पण तिचं मन भरून आलं किंवा तिला मजा वाटली की तिची गावाकडची अहिराणी बाहेर यायची. त्या दिवशी तिला मजा वाटत होती.

सगळ्यांत कहर म्हणजे भाजीवाली. सोनगीरकडून वांगी घेऊन यायची, भरताची, बाळाच्या डोक्याएवढी. नवीन होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती कधी सकाळी यायची, कधी दुपारी. सकाळी मावशी तिच्याशी असा भाव करायची की ती रडकुंडीला यायची आणि दुपारी म्हणायची, "ठेव माय, तुला योग्य वाटेल ते घे." एका दुपारी भाजीवाली हळूच जवळ सरकली आणि म्हणाली, "तुनी बहीन भलती कडक शे व माय. तू कशी राहस तिनासंगे?"

मी आत पोट धरून लोळतेय आणि मावशी तोंड एवढंसं करून म्हणते, "काय करू व माय, सख्खी शे."

भाजीवालीनं दयेपोटी एक वांगं जास्त टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं त्याचं भरीत केलं, तिला बोलावून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊ घातलं आणि खाताना रागावली सुद्धा, की असं फुकट वांगं देत फिरलीस तर धंदा करशील कशी. भाजीवाली मला म्हणाली, मनानं चांगली आहे हो ही पण.

तर असं सगळं छान दोन पारड्यांत चाललं होतं. मग लढाई आली आणि सरकारनं सगळी घड्याळं एक तास पुढे केली.

शाळेची घंटा नव्या वेळेनं व्हायला लागली. म्हणजे घंटेत बारा वाजायचे तेव्हा खरे, उन्हाचे, अकराच वाजलेले असायचे. पहिल्या दिवशी घंटा झाली तेव्हा मावशी दारात आली, तिनं कडुलिंबाची सावली बघितली, परत आत गेली, परत बाहेर आली. पदर अर्धा खोचलेला, अर्धा सुटलेला. "सूर्य म्हणतो चुलीपाशी जा, घंटा म्हणते चटईवर बस. मी ऐकू कोणाचं?" तिनं त्या तासात काहीच केलं नाही. उंबऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पण. तुम्हाला हसू येईल, मलाही आलं, पण ती खरोखर वाळायला लागली हो. जेवण जाईना. मार्था म्हणायची माझा तास, मरीया म्हणायची माझा.

पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, कैसराचं ते कैसराला द्या, म्हणजे राजाचं ते राजाला. मावशी म्हणाली, "साखर नेली, रॉकेल नेलं, आता तास पण त्यालाच?"

आणि मग एका दुपारी, मरीयेच्या वेळेत, ती योहानाचं शुभवर्तमान वाचत बसली होती आणि अचानक जोरात हसायला लागली. चटईवरून खाली घरंगळली. मी धावले, मला वाटलं हिला काही झालं.

"अगं त्या घरात तिसरा होता! आपण विसरलोच त्याला."

"कोण तिसरा?"

"लाजर. त्यांचा भाऊ. मेला होता, चार दिवस कबरेत होता, येशूनं उठवला. मग मार्था वाढत होती, मरीया पायाशी बसली होती, आणि लाजर काय करत होता माहितीये?"

"काय?"

"जेवत होता!" तिनं डोळे पुसले. "मेलेल्या माणसाला वेळ परत मिळाला. फुकटचा. कोणाला न विचारता मिळालेला. त्यानं उपदेश केला असं लिहिलं नाही, केर काढला असं लिहिलं नाही. पाहुण्याजवळ जेवायला बसला. बस. हा तास त्याचा."

दुसऱ्या दिवसापासून घंटेचे बारा ते उन्हाचे बारा हा तास लाजरचा. त्या तासात काम करायचं नाही, प्रार्थनाही करायची नाही, कोणी कोणाला वाढायचं नाही, जे असेल ते हातात घेऊन खायचं आणि खुशाल राहायचं. मावशीनं विहिरीचा जुना सोल, म्हणजे जाड दोर, मागून आणला, कडुलिंबाला बांधला आणि झोका केला. साठीची बाई झोक्यावर. मधल्या सुटीत बोर्डिंगच्या मुली पळत यायच्या, मी यायचे, शेंगा खायच्या, टरफलं उडवायची, आणि मावशी उंच जाऊन लिंबाचा पाला पायानं झाडायची. कोणीतरी नाक मुरडलं, की झोके हिंदूंच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला घेतात, आपण ख्रिस्ती माणसं. मावशी वरूनच म्हणाली, "झोका झाडना शे, कोना धरमना नही."

आता माझं सांगते, कारण तिथंच तर सगळी गंमत आणि माझा जीव अडकलेला.

मिशनच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होते. मला खोकला नसताना मी खोकल्याचं औषध आणायला जायचे, एवढं सांगितलं की पुरे. त्यांनी सरळ मावशीकडे येऊन मागणी घातली. मावशी हो म्हणाली. पण अडचण होती त्यांच्या आईची. यावलकडे त्यांची केळीची बाग. नवरा गेल्यावर त्या बाईनं एकटीनं बाग सांभाळली होती, आणि त्यांना सून हवी होती कामाची. बोर्डिंगमध्ये वाढलेल्या मुली पुस्तकं वाचतात आणि बसून राहतात, असं त्यांचं पक्कं मत. आधी एक मुलगी नाकारली होती ती का, तर जेवल्यावर भिंतीला टेकलेली दिसली म्हणून. कंपाउंडर म्हणाले, "आईनं नाही म्हटलं तर मी तिचं मन मोडून नाही करणार. तिला माझ्याशिवाय कोणी नाही." मला रडूही आलं आणि ते आणखी आवडले सुद्धा.

आई शनिवारी बघायला येणार होत्या. साडेअकराला, असं ठरलं. मावशी म्हणाली, "भिऊ नको. साडेअकरा म्हणजे मार्थाची वेळ. अशी मार्था दाखवते त्यांना की बागेतल्या केळी उठून उभ्या राहतील."

त्या दिवशी पहाटेपासून मावशीनं पुरणाचे मांडे करायला घेतले. आमच्याकडचे मांडे तुम्हाला माहीत असतील तर बरं, नसतील तर ऐका. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, आणि कणीक इतकी सैल की ती हातावर घ्यायची, मनगटावर, कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठी करायची आणि एका झटक्यात खापरावर टाकायची. मावशीच्या हातावर मांडा ओढणीसारखा झुळझुळायचा. माझ्या हातावर त्याला भोकं पडायची. मी दोन केले, दोन्हींतून चूल दिसत होती.

साडेअकरा झाले. कोणी आलं नाही. पावणेबारा. मी दहादा फाटकापर्यंत जाऊन आले. बाराची घंटा झाली. म्हणजे नाहीच येणार, मला न बघताच नकार, असं वाटून मी पायरीवर बसून रडायला लागले.

मावशीनं मांडे झाकून ठेवले, हात धुतले, पदर सोडला आणि माझं मनगट धरलं.

"चल झोक्यावर."

"मावशी, माझं लग्न मोडलं."

"मोडलं असेल तर उद्या सकाळी मार्था त्याचं बघेल, दुपारी मरीया प्रार्थना करेल. आता लाजरचा तास शे. चढ."

आणि खरं सांगते, पहिले चार झोके मी रडत घेतले, पाचव्याला मला हसू फुटलं, कारण मावशीनं मागून असा काही रेटा दिला की माझी एक चप्पल चर्चच्या भिंतीपलीकडे गेली. मग तीही माझ्यासमोर उभी चढली. दोघी झोक्यावर, केस सुटलेले, तोंडात शेंगा, आणि मावशी किंचाळतेय, "गेलं व माय, स्वर्गाचं दार गेलं, परत चल!"

फाटकात त्यांची आई उभी होती.

उंच, सरळ, नऊवारी चापूनचोपून, डोक्यावर केळीचा घड. मागे कंपाउंडर, तोंड औषधाच्या रिकाम्या बाटलीसारखं.

"हेच घर का?" त्यांनी विचारलं.

झोका थांबेना. असा ठरवून थोडाच थांबतो तो. आम्ही जवळ येत होतो आणि लांब जात होतो.

"हेच," मावशी जवळ येताना म्हणाली. "या विहीणबाई," लांब जाताना म्हणाली.

"अजून विहीण व्हायची हाये मी. साडेअकराचा टाइम दिला व्हता ना?"

मी कशीबशी उतरले, एका पायात चप्पल. "आता साडेबारा झाले," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"कोणाच्या घरी?"

"सरकारच्या."

"मी सरकारच्या घरी नाही आली. तुमच्या घरी आली. आमच्या केळीले नवा टाइम नाही समजत."

म्हणजे त्या अगदी वेळेवर आल्या होत्या. जुन्या वेळेनं साडेअकरा. मी पाणी आणायला पळणार, तर मावशीनं मला खाली बसवलं. तिनं त्यांनाही झाडाखाली चटई दाखवली आणि म्हणाली, जेवायला बसा, सगळं तयार आहे, पण या तासात आमच्याकडे वाढणारं कोणी नाही, ज्यानं त्यानं घ्यायचं.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, झालं, आता केळीचा घड परत यावलला जातो.

"वाढणारं कोणी नाही? मग सैपाक कोण केला?"

"मार्थानं."

"ते कोठी हाये?"

"गेली. उद्या येईल."

"अशी बाई कामाले ठेवू नका," त्या म्हणाल्या, घड खाली ठेवला, पदर खोचला आणि सरळ आमच्या चुलीपाशी गेल्या. त्यांना अन्न झाकलेलं आणि माणसं उपाशी हे बघवेचना. पाच मिनिटांत चार ताटं. मांडे, आमरस, तुपाची वाटी. रसाला त्यांनी नाव ठेवलं, तुपाला ठेवलं, तवा कुठं टांगायचा ते सांगितलं. आम्हाला तिघांना झाडाखाली वाढलं आणि आपलं ताट घेऊन आत गेल्या.

कंपाउंडर हळूच म्हणाले, "आई उभ्यानंच जेवते. चुलीजवळ. आधीपासून नाही, बाबा गेल्यापासून."

मावशी घास तोंडात धरून थांबली. मग उठून दारात गेली. मी मागे.

त्यांची आई उभी होती, भिंतीकडे तोंड करून, भरभर खात. कोणीतरी ताट ओढून नेईल अशी.

"बाई, बसून का नाही जेवत?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "सवय नाही."

"बसलं तर काय होतं?"

त्यांनी मांड्याचा आणखी एक तुकडा मोडला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बसली की मागचं सारं बठ्ठं आठवते. मग उठवत नाही मले. अन मी नाही उठली तं बाग कोण पाहीन."

मावशीनं त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. ते गार झालेलं होतं. तिनं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, चटईवर बसवलं, खांद्यावर हात दाबून बसवलं, आणि आत येऊन पदर खोचला आणि चुलीत फुंकर घातली. उन्हाचे बारा अजून व्हायचे होते. इतक्या दिवसांत लाजरच्या तासात मावशीनं पाण्याचा पेलासुद्धा उचललेला मी पाहिला नव्हता. आता ती खापर पुसत होती.

"मावशी, मार्था परत आली का?"

"नाही."

"मग मरीया?"

"ती कुठं चुलीपाशी येते?"

"मग लाजर?"

"लाजर तिथं बसलाय," तिनं मानेनं बाहेर दाखवलं. "बघ ना, आत्ताच उठलाय कबरेतनं."

"मग तू कोण?"

मांडा तिच्या कोपरापर्यंत फिरत होता. "ते रातभर मासे धरणारे कोळी सकाळी तळ्याच्या काठाला आले, तेव्हा विस्तव पेटवून, मासे भाजून न्याहरी कोणी वाढली होती गं?" ती म्हणाली. "येशूनं. आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा कमरेला रुमाल बांधला होता. तेव्हा कोणी विचारलं का त्याला, तू मार्था का मरीया म्हणून?" आणि झटक्यात मांडा खापरावर टाकला. "जा. गरम आहे तोवर दे त्यांना. मांडीवर ताट ठेव, म्हणजे उठता नाही येणार."

मी एकामागून एक मांडे नेत होते आणि त्या बसून खात होत्या. पहिला खाताना ताठ. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. कंपाउंडर घाबरले, मी त्यांना खुणेनं गप्प केलं. तिसरा मांडा संपला तेव्हा त्या कडुलिंबाला टेकल्या. जेवल्यावर. टेकल्या. आणि बसल्या जागी झोपल्या, चांगल्या घोरल्या.

जाग्या झाल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि मावशी शेजारी मरीया होऊन शांत वाचत बसली होती.

"पोरीले मांडे येतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. भोकं पाडते," मावशी गोड आवाजात म्हणाली. मरीया असताना ती खोटं बोलायची नाही, मार्था असती तर बोलली असती.

"मंग येते काय तिले?"

"झोका."

मी पदराचं टोक चावत उभी. कंपाउंडर झाडाच्या सालीकडे बघत उभे. त्या उठल्या, लुगडं झटकलं, आणि केळीचा घड माझ्या हातात दिला. इतका जड होता की मी वाकले.

"आम्हाले आंदण नको," त्या मावशीला म्हणाल्या. "भांडी बी नको. तो तास तेवढा धाडजा पोरीसंगं."

तर असं झालं माझं लग्न. यावलच्या घरी रोज तो एक तास सासूबाई आणि मी केळीच्या सावलीत बसायचो. सुरुवातीला त्या बसून पण केळीच्या सोपटाचे, खोडाच्या सालीचे दोर वळायच्या. मी हातातून काढून घ्यायचे. मग रडायच्या कधीकधी. मग एक दिवस मामंजींची एक गोष्ट सांगितली, ते एकदा चिखलात कसे पडले त्याची, आणि इतक्या हसल्या की गडीमाणसं बघायला आली.

लढाई संपली आणि सरकारनं घड्याळं परत मागे घेतली. मला पहिली काळजी मावशीची. तो तास तर गेला. सासूबाई आणि मी जळगावहून मोटारीत बसलो, कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, पारोळ्याच्या चढाला सगळ्यांनी उतरून ढकलली, आणि धुळ्याला पोचलो ते नेमके घंटेला. आता घंटेचे बारा म्हणजे उन्हाचेही बारा. मध्ये काही उरलं नव्हतं.

मावशी झोक्यावर होती.

"मावशी, तास तर सरकारनं नेला ना?"

"नेऊ दे. त्यांचा होता," तिचे पाय पाल्याला लागले. "मी अर्धा मार्थाकडून घेतला, अर्धा मरीयेकडून."

"आणि त्यांनी दिला?"

"मार्था कुरकुरली. ती कुरकुरतेच. मरीया म्हणाली, इतकी वर्षं मी वाटच बघत होते, हा बिचारा कधी जेवायला येतो."

सासूबाईंनी डोक्यावरचा घड उतरवून माझ्या हातात दिला, पदर खोचणार होत्या तो सोडला आणि झोक्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सरक," त्या मावशीला म्हणाल्या.